झाकण जलीलनं उघडलं

मी एक जुनी तांब्याची देग आहे, आणि धाराशिवच्या एका अंगणात पालथी पडले आहे. मित्रांनो, पालथी आहे म्हणून मुकी समजू नका. माझ्या पोटात अजून राग खदखदतो आहे.

तांबटानं ठोकून ठोकून मला घडवलं. चाँदपाशा बावर्चींनी मला विकत घेतलं, आतून कल्हई करून घेतली आणि पहिल्याच लग्नात मी अख्खी पंगत जेवू घातली. लोक बोटं चाटत म्हणायचे, "पाशाभाई, लई झकास!" मी मनातल्या मनात फुगायचे. पुढं निजामाचं राज्य गेलं, अंमलदारांच्या मेजवान्या बंद झाल्या आणि आमची चूल क्वचितच पेटू लागली.

अशात कादरसेठ गावी आले. विलायतेत त्यांचं हॉटेल होतं आणि त्यांना इथला बावर्ची हवा होता. पण तिकडं नवा कायदा झाला होता. मालकानं आधी सरकारकडं परवाना मागायचा, त्यात एकाच माणसाचं नाव द्यायचं. सेठ म्हणाले, "ज्याच्या हातची बिर्याणी आवडंल, त्याचं नाव धाडतो." चाँदपाशांची बायको शरिफाबी लगेच जाड बंडी शिवायला बसली. "तिकडं लई थंडी असती म्हणं!"

सेठ आमच्याकडं चव घ्यायला येणार, त्या दिवशी चाँदपाशांनी माझ्यात जीव ओतला. मांस आणि तांदळाचे थर लावले, झाकणाच्या कडेला कणीक लिंपली, वर निखारे ठेवले. मला असं मंद वाफेच्या दमावर ठेवलं की ते नेहमी आंघोळीला जात, धुतलेले कपडे घालत, आणि मगच बिस्मिल्ला म्हणून झाकण उघडत. पाहुण्यांसमोर घामेजल्या अंगानं जाणं त्यांना पटत नसे.

"दुलाभाई, निवांत आंघोळ करून या. म्या हाय की इथं," जलील म्हणाला. हा शरिफाबीचा धाकटा भाऊ. याच घरात वाढला, माझ्याच जाळावर हात शेकले त्यानं.

चाँदपाशांची पाठ वळली, सेठ आले, आणि जलीलनं कणीक फोडली. पहिला घास घेताच सेठनी डोळे मिटले. "वाह! कुणाच्या हातची?"

"माझ्या," जलील म्हणाला.

मेल्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही! माझं तोंड एवढं मोठं, पण एक शब्द फुटेना. सेठना सोलापूरची गाडी गाठायची होती. ते निघूनही गेले. चाँदपाशा आले तेव्हा जलील हसत म्हणाला, "दुलाभाई, काम झालं! तुमचंच नाव सांगितलंय."

चाँदपाशांनी गल्लीभर पेढे वाटले. पुढं परवाना आला, तो जलीलच्या नावाचा. चाँदपाशा धावत सेठच्या माणसाकडं सोलापूरला गेले. तो म्हणाला, "चाचा, आता काय न्हाय व्हायचं. परवाना माणसाच्या नावावर असतो, हाताच्या चवीवर न्हाय."

जलील विमानानं गेला. चाँदपाशांनी मला पालथं घातलं. माझी कल्हई उडाली, शेजारच्या धुरपताबाईंची कोंबडी माझ्यावर बसू लागली. आणि ज्या बंडीत धनी विलायत बघणार होते, ती ट्रंकेत पडून राहिली.

दोन हिवाळे गेले आणि जलील परत आला. तिकडं त्याचा भात कधी कच्चा राहिला, कधी करपला. सेठनी त्याला हाकललं होतं. परवाना त्याच हॉटेलपुरता होता, दुसरीकडं काम मिळेना.

"दुलाभाई, एकदा शिकवा. सेठ पुन्हा घ्यायला तयार हायेत," तो चाँदपाशांच्या पायाशी बसून म्हणाला.

चाँदपाशांनी माझ्यावरची कोंबडी हुसकली. मग म्हणाले, "झाकण तर तूच उघडलं होतंस ना, जलील? मग आत काय घालायचं तेबी तूच बघ."

शरिफाबीनं भावाला भाकरी वाढली. रडत होती, तरी वाढली. मला ते मुळीच आवडलं नाही.

मित्रांनो, मला घासू नका, कल्हईही करू नका. एवढंच करा. पोटभर जेवलात की चुलीपाशी जा आणि विचारा, हे कुणी शिजवलं? आणि जो आंघोळीला गेला आहे, त्याची वाट बघा.