वर राहिलेली टिकली

मी एक जुनी हँडप्रेस आहे. नाव ऐकून तुम्हांला छापखाना आठवेल, पण मी अक्षरे छापत नाही. मी काडतुसे भरते. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी दाबून पुन्हा मापात आणायची, तिच्या बुडाशी ठोक्याने पेटणारी नवी टिकली बसवायची, आत दारू पडली की तोंडावर गोळी बसवायची, एवढेच मला येते. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी सांगते, कारण ती मनातून जात नाही.

मित्रांनो, मी ओतीव लोखंडाची आहे. अलास्कातल्या पीटर्सबर्ग गावी, बंदराच्या वरच्या अंगाला आर्विड हागेरुप नावाच्या मच्छीमाराची शेड आहे. तिथल्या बाकाला मला बोल्टांनी घट्ट बसवलेले आहे. हिवाळ्यात बोटी बांधून ठेवल्या की आर्विड माझ्यापाशी येई. माझा दांडा ओढताना तो डोळे मिटायचा. टिकली तळाला टेकली की हाताला एक बारीकसा थांबा जाणवतो. तो जाणवेपर्यंत आर्विड हात उचलत नसे. काम झाले की जुना दातांचा ब्रश घेऊन टिकली बसते त्या माझ्या खाचेतली काजळी झाडत असे. "आर्विडचं काडतूस कधी फसत नाही," असे गावात म्हणत. ती स्तुती त्याची होती, पण मी तिच्यातला थोडा वाटा गुपचूप माझ्याकडे ठेवत असे.

त्याची मुलगी मारित उन्हाळाभर एका दूरच्या नदीवर राहते. समुद्रातून वर चढणारे सॅमन मासे मोजणे हे तिचे काम. ते मासे खायला तपकिरी अस्वलेही उतरतात, म्हणून तिथे कमरेला हत्यार लागते. एका वसंतात ती नवे पिस्तूल घेऊन शेडमध्ये आली.

"हे काय आणलंस?" आर्विडने विचारले.

"दहा मिलिमीटरचं. पंधरा गोळ्या बसतात."

"पंधरा! अस्वलाला मारायचंय की त्याच्या सोयऱ्यांनाही?"

"तुमच्या चव्वेचाळीस कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहाच. त्यातली एक उडवली की माझं मनगट आभाळाकडे जातं. दुसरी कुठे गेली ते अस्वलालाच विचारावं लागेल."

"जड गोळी आहे ती. तडाखा बसतो. आणि रिव्हॉल्व्हर अडत नाही. एक फसली तर पुन्हा चाप ओढ, पुढची हजर."

"बाबा, जी लागते तीच जड."

आर्विड हसला नाही, पण त्याने मारितसाठी दहा मिलिमीटरची काडतुसे भरायला घेतली. मित्रांनो, तोपर्यंत त्याचे हात थरथरू लागले होते. दांडा पूर्वीसारखा शेवटपर्यंत येत नसे. ब्रश खिळ्यालाच लटकलेला असे. माझ्या खाचेत काजळी साचून दगडासारखी घट्ट झाली होती. त्यामुळे टिकली आत जाता जाता अडत होती. कितीतरी पुंगळ्यांत ती केसाएवढी वर राहिली. हे मला प्रत्येक वेळी कळत होते. मी कुरकुरले असते तर? दांडा अडकवून धरला असता तर? पण मी निमूटपणे चालत राहिले. लोखंडालाही शहाणपण असावे, असे मला आता वाटते.

जूनमध्ये, निघण्याच्या दोन दिवस आधी, मारित खडीच्या खाणीत सराव करून आली ती चिडूनच.

"बाबा, टक् वाजलं आणि काहीच नाही! दोनदा झालं."

"नळी दरडीकडे धरून थांबलीस ना?"

"थांबले, उशिरा पेटेल म्हणून. मग तेच काडतूस पुन्हा घातलं, तर उडालं."

"तुझं ते खेळणंच तसलं आहे," आर्विड म्हणाला.

बोटींची इंजिने आणि बंदुका दुरुस्त करणारा वेंडेल शेजारीच राहतो. त्याने पिस्तूल उघडून पाहिले.

"चाप हलका व्हावा म्हणून मऊ स्प्रिंग घातलीस ना पोरी? मग टिकलीला सुई कशी टोचणार? डासाने देवमाशाला चावावं तसं झालंय."

त्याने मूळची स्प्रिंग बसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीत जाऊन डबीभर काडतुसे उडवून आला. एकही फसले नाही.

"माझीच उडवलीस ना?" आर्विडने विचारले.

"नाही रे," वेंडेल म्हणाला. " विकतची. दुसऱ्याच्या बोटीचा दोर सोडायचा नाही आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस उडवायचं नाही, हे बापाने शिकवलंय. राग मानू नकोस."

"राग कसला! मीही नसतं उडवलं."

"मग झालं तर. स्प्रिंगच होती."

मारित ओशाळली. "चूक माझीच. उगाच तुमच्या काडतुसांना नावं ठेवली."

"होतं असं," आर्विड म्हणाला.

त्या दुपारी तो एकटाच शेडमध्ये आला. मारितसाठी भरलेली डबी उघडून एकेका काडतुसाच्या बुडावरून त्याने बोट फिरवले. नीट बसलेली टिकली बोटाला लागत नाही. त्याचे बोट थांबले. पुन्हा थांबले. त्याला सगळे कळले. टिकली वर राहिली की सुईचा पहिला ठोका तिला आत ढकलण्यातच जातो आणि ती दुसऱ्या ठोक्याला पेटते. नदीवर, समोर अस्वल असताना, दुसरा ठोका कोण देणार? त्याच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा जबर आपटे, म्हणून त्याच्या स्वतःच्या काडतुसांचा दोष आजवर झाकून राहिला होता.

मग आर्विडने झाकण लावले आणि डबी मारितच्या सामानाशेजारी ठेवली. मी पाहत होते.

सकाळी मारित सामान उचलायला आली. तिने डबीला हात घातला, तोच आर्विडने तिचे मनगट धरले.

"ही नेऊ नकोस. पिस्तुलात दोष नव्हता. बोट फिरवून बघ."

मारितने बोट फिरवले. मग ती माझ्यापाशी वाकली आणि चाकूच्या टोकाने खाच खरवडली. काजळीचा काळा खडा बाकावर पडला.

"हे बघा! या जुन्या खटाऱ्याचा दोष आहे, बाबा. तुमचा नाही."

मी वाट पाहत होते. माझ्यावर ढकलणे किती सोपे होते! आणि ते अगदी खोटेही नव्हते. त्याने ढकलावे, अशी माझी इच्छा होती.

"ती काय स्वतःला ब्रश मारणार?" आर्विड म्हणाला. "हातही राहिले नाहीत माझे. आणि मारित, हे मला कालच कळलं होतं."

"काल?"

"हो. काल सांगितलं नाही."

मारितने चाकू मिटून खिशात टाकला. मग म्हणाली, "का?"

"तिकडे तुझ्याजवळ माझं म्हणून तेवढंच असायचं."

तिने सामान खांद्यावर टाकले. "वेंडेलकडून विकतची घेते. तुम्ही बंदरापर्यंत चला. वाटेत बोलू, नाहीतर भांडू."

दोघे गेले. पुढे आर्विडने ती सगळी काडतुसे एकेक करून उकलली. त्यानंतर त्याने मला हात लावलेला नाही.

मित्रांनो, ज्या वस्तूवर कोणाचा जीव विसंबून आहे, तिच्या खाचा वेळच्या वेळी साफ करा. आम्ही चालत आहोत म्हणजे ठीक आहोत, असे समजू नका. आम्हांला तक्रार करता येत नाही. आणि बोटाला काही लागले, तर ते त्याच दिवशी बोला.

मारित शरद ऋतूत सुखरूप परतली. अख्ख्या उन्हाळ्यात तिला एकदाही चाप ओढावा लागला नव्हता. ती डबी तिने नेली असती तरी ती अशीच सुखरूप परतली असती, आणि आर्विड व मी दोघेही निर्दोष म्हणून या शेडमध्ये मिरवत राहिलो असतो. याचीच मला अजून भीती वाटते.