खालून वर

रोज पहाटे मी जपमाळ घेऊन बसते आणि ज्यांनी माझं वाईट केलं त्यांची नावं घेऊन एकेकाला क्षमा करते. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. गेली अकरा वर्षं त्यात एक नाव मी गाळत आले. रॉइस हॅस्केट.

त्याच्या लाल पिकअपची मागची काच माझ्या नवऱ्यानं, अँटेनं, बसवली होती. महिन्याभरात गाडीत पाणी. अँटेनं विचारलं, "काचेच्या वर असलेल्या ब्रेकच्या दिव्याला कुणी हात लावलाय का?" रॉइस म्हणाला, "छे!" त्याच्या शब्दावर अँटेनं काच तीनदा काढली, तीनदा बसवली. पाणी येतच राहिलं. रॉइसनं गाडी विकून टाकली आणि कॉफीच्या दुकानात रोज सकाळी एकच सुरू केलं, "अँटेची काच म्हणजे चाळण!" आमच्या किनाऱ्यावर वर्षातले निम्मे दिवस पाऊस. इथं असं नाव पडलं की पडलं. अँटेनं काचेचं काम सोडलं, मान खाली घालून सीटांची कव्हरं शिवत राहिला. मागच्या वर्षी गेला. शवपेटीपाशी कुणीतरी कुजबुजलं, "झाकण तरी नीट बसलंय ना?" मी ऐकलं, आवाजही ओळखला.

गॅरेज आता मी चालवते. ईस्टरच्या आधीचे उपवास चालू होते, तेव्हा एका बुधवारी रॉइस आला. नवी निळी पिकअप. दोन गॅरेजांनी हात टेकले होते.

"तेरेझाबाई, पायाखाली तळं झालंय. बेडूक तेवढे यायचे राहिलेत. बघता का?"

मी आत डोकावले. छताच्या कापडाला मागच्या बाजूला तपकिरी डाग. बाहेर, मागच्या काचेच्या वर, ब्रेकच्या दिव्याभोवती न्हाणीघराच्या फरशीला लावतात तो पांढरा सिलिकॉन थापलेला. स्क्रूंची डोकी झिजलेली. बल्ब बदलायला दुसऱ्याला कशाला बोलवा, असा हा माणूस. दिवा काढताना खालची पाणी अडवणारी रबरी गास्केट फाटली असणार, आणि यानं वरून लेप दिला असणार. मला या गाडीचं कळलं. त्या लाल गाडीचंही त्याच क्षणी कळलं.

"शुक्रवारी आणा, मिस्टर हॅस्केट," मी हळू आवाजात म्हणाले. "चार वाजता."

उपवासाच्या शुक्रवारी मांस चालत नाही, मासे चालतात; म्हणून चार वाजता आमच्या गॅरेजला लागूनच असलेल्या चर्चच्या हॉलबाहेर तळलेल्या माशांसाठी रांग लागते. अर्धं गाव असतं.

तो आला. मी आतून सगळं पुसून कोरडं केलं, कडांवर टाल्कम पावडर भुरभुरली, म्हणजे ओघळ उमटतो. त्याच्या हातात टॉर्च दिला.

"मागच्या सीटवर मधोमध बसा. पाणी दिसलं की मोठ्यानं सांगायचं. काच खाली करायची नाही."

पाणी खालून वर चढवत न्यायचं, हा अँटेचा नियम. आधी वरून मारलं तर ओघळ सगळीकडून उतरतो आणि चोर कोण ते कळत नाही. नियम मी मोडणार नव्हते. प्रत्येक जागेला दहा मिनिटं. आधी चारही दारं. कोरडी निघाली तशी त्यांच्या फटींवर रुंद चिकटपट्टी लावून टाकली.

"पट्टी ओढू नका हं, रंग निघेल," मी बाहेरून म्हणाले. त्याचा त्या निळ्या रंगावर फार जीव.

मग वायपरखालची जाळी. मग पुढची काच. आत रॉइसच्या श्वासानं काचा धुरकटल्या. रांगेतून म्हातारा आयनो ओरडला, "काय रे रॉइस, मत्स्यालयात बसलास? तळायला कधी काढणार?" रांग हसली. लोक जवळ सरकले.

"आता मागची काच," मी म्हणाले. "कशी आहे?"

"कोरडी!"

"पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही."

"काच कोरडी आहे!"

मी पाइप वर नेला, दिव्यावर धरला. मिनिटही झालं नाही.

"अगं आई गं! मानेत! मानेत पडतंय!"

"कुठून?"

"दिव्यातून! बंद करा!"

"दिव्याला कुणी हात लावला होता?"

"मीच, बल्ब बदलला! बंद करा ना बाई!"

"आणि लाल गाडीच्या दिव्याला?"

धुरकटलेल्या काचेमागे टॉर्च नुसता इकडेतिकडे हलला. पाणी नुकत्याच वितळलेल्या बर्फासारखं थंड होतं. मी पाइप हलवला नाही. रांगेतले फादर म्हणाले, "तेरेझा, पुरे आता."

"दहा मिनिटं व्हायचीत, फादर."

रॉइसनं बाहीनं काच पुसून बाहेर पाहिलं. आयनो आता हसत नव्हता. कुणीच हसत नव्हतं.

"मीच!" तो आतून ओरडला. "त्याही दिव्याला मीच!"

"मग काच?"

"काच ठीक होती!"

"कुणाची?"

"अँटेची! अँटेची काच ठीक होती!"

मी नळ बंद केला. पट्ट्या सावकाश काढल्या, रंगाला ओरखडा नाही. दोन स्क्रू सोडवून दिवा काढला आणि फाटकी गास्केट सगळ्यांना दिसेल अशी धरली. रॉइस उतरला. कॉलरमधून पाणी निथळत होतं. त्याच्या हातात मी कागदी पिशवी दिली, आत दिवा आणि नवी गास्केट.

"जुना सिलिकॉन खरवडून काढा. दोन्ही स्क्रू थोडे थोडे, सारखे आवळा. एकदम आवळलं तर फाटते."

"तुम्ही नाही बसवून देणार?" त्याच्या गाडीच्या डोक्याला भोक होतं आणि आभाळ खाली आलं होतं.

"अँटेनं दिली असती. स्वभाव चांगला होता त्याचा."

तो गेला, वायपर चालू करून. आयनो पुढे आला, टोपी हातात. "तेरेझाबाई, माझ्या गाडीची पुढची काच बदलायचीय."

"सोमवारी आणा," मी म्हणाले, आणि रांगेत जाऊन उभी राहिले. माझाही उपवास होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नावं घेतली. आयनोचं घेतलं, शवपेटीपाशी कुजबुजणाऱ्याचंही घेतलं. रॉइसच्या नावाशी आले आणि थांबले. त्याच्या गाडीतला गालिचा अजून वाळला नसेल.

आधी तो वाळू दे.