पाचच्या ठोक्यानंतर

रॅगथॉर्पच्या वेशीवर एक हिरवी पाटी होती. ‘काउंटीतलं सर्वांत सुरक्षित गाव’ असं तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि ती कोणी चोरून नेऊ नये म्हणून चार बोल्टांनी आवळून वर साखळी घातलेली होती.

पाटी दरवर्षी गावालाच मिळायची आणि ती काही फुकट मिळत नव्हती. तिच्यामागे गावाचा संयम होता. लेन क्रॅडॉक खाटकाच्या गाडीला शेजाऱ्याने ओरखडा काढला, तर लेन हसून म्हणायचा, “असू दे, असू दे.” वाचनालयाच्या मिस टिबेट यांच्या मांजरावर कोणी बादली उपडी केली, तर त्या म्हणायच्या, “काही हरकत नाही.” कुंपणं तोडली जायची, कुत्री परक्या दारात बसायची, आणि सगळे एकमेकांना सॉरी म्हणून मंगळवारची वाट बघायचे.

तो मंगळवार वर्षातून एकदाच येतो. ईस्टरआधीचा उपास बुधवारी सुरू होतो, त्याच्या आदल्या दिवशी. सकाळी बायकांची तव्याची शर्यत, म्हणजे तव्यातलं पॅनकेक उडवत धावायचं, आणि दुपारी दोनपासून पाचपर्यंत चेंडू. अर्धं गाव टेकडीवाले, अर्धं गिरणीवाले. टेकडीवाल्यांनी चेंडू गिरणीच्या भिंतीला टेकवायचा, गिरणीवाल्यांनी टेकडीवरच्या विहिरीला. नियम दोनच. कोणाला जिवे मारायचं नाही, आणि चर्चच्या स्मशानात शिरायचं नाही, कारण तिथल्या लोकांचं खेळून झालेलं आहे. बाकी सगळं चालतं. सार्जंट ऑडली त्या दिवशी गणवेश खुंटीला टांगून गिरणीवाल्यांकडून खेळतो, त्यामुळे नोंद घ्यायला कोणी नसतंच. पाचचा शेवटचा ठोका पडला की उगारलेली मूठ तिथेच खाली येते, ज्याचे दात पाडले त्याच्याशी हस्तांदोलन होतं आणि पुढच्या वर्षाचा संयम सुरू होतो.

ग्लेनिस हॉपवुडचा नवरा कीथ हा गावच्या शेजार-पहारा मंडळाचा अध्यक्ष होता. ‘आम्ही लक्ष ठेवून आहोत’ हे त्याने छापून घेतलेलं पिवळं चित्र घराघराच्या खिडकीत होतं. चर्चच्या पत्रिकेत दर महिन्याला तो आकडे द्यायचा. घरफोडी शून्य, मारहाण शून्य, सायकलचोरी एक. सायकल पबच्या मागे सापडली, मालकासकट. म्हाताऱ्यांच्या दारांना कीथ स्वतः साखळ्या बसवून द्यायचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं ग्लेनिसला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी सांगायचंच.

तोंडावर तो कधी मारत नसे. शेजाऱ्यांना बघायला बरं वाटत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बरगड्या, दंड, पाठ. जानेवारीत तिने कपात आधी दूध ओतलं आणि मग चहा, तेव्हा त्याने तिचा डावा हात धरून करंगळी काट्याचमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर ढकलला. मग परत उघडून परत ढकलला. ग्लेनिस ओरडली. मिल लेनमधली घरं एकाच ओळीत आणि एकाच भिंतीची. पलीकडे आयरीन पेनफोल्डचा टीव्ही होता. तो लगेच मोठा झाला.

दुसऱ्या दिवशी आयरीन लिंबाचा केक घेऊन आली.

“अगं, चेहरा जरा ओढल्यासारखा दिसतोय. झोप नाही का झाली?”

“तुला काही ऐकू आलं का काल?” ग्लेनिसने विचारलं.

“मला? छे गं! मी टीव्ही बघत होते. गोगलगायींवर होतं काहीतरी.” आयरीनने करंगळीच्या पट्टीकडे बघितलं आणि मग केककडे. “गार व्हायच्या आत खा हं.”

केक गारच होता.

ग्लेनिस पोलीस चौकीत गेली. ऑडलीने तिला खुर्ची दिली, बिस्किट दिलं.

“पडलात वाटतं, मिसेस हॉपवुड?”

“कीथने ड्रॉवर बंद केला. माझं बोट आत असताना.”

“चुकून?”

“दोनदा.”

ऑडलीने बराच वेळ नाक खाजवलं. मनाने तो वाईट नव्हता. त्याला फक्त पाटी फार आवडायची. “हे बघा, लिहिलं तर हे मारहाणीत जाणार. तो रकाना किती वर्षं कोरा आहे, तुम्हाला माहीतच आहे. शिवाय पत्रिकेत छापायला आकडे कीथच नेतो, म्हणजे सगळ्यांत आधी वाचणार तोच. मग घरी गेल्यावर तुम्हालाच...” वाक्य त्याने बिस्किटाबरोबर गिळलं. “आणि मंगळवार काय, आलाच की. लेन थांबतो, मिस टिबेट थांबतात. तुम्हीपण थांबा.”

ग्लेनिस रॅगथॉर्पमध्येच जन्मली होती. तिला हे म्हणणं पटलं.

मंगळवारी सकाळी ती आईचा बिडाचा तवा घेऊन शर्यतीत धावली. पॅनकेक दोनदा रस्त्यावर पडलं, आणि ती शेवटची आली. “बघा माझी राणी! कासवसुद्धा पुढे गेलं असतं!” कीथ ओरडला, लोक हसले, आणि सगळ्यांच्या देखत त्याने तिच्या गालाचा मुका घेतला. बायका मलमपट्टीची तयारी करायला चर्चच्या सभागृहात गेल्या. दुकानांच्या काचांवर फळ्या ठोकलेल्या होत्याच. दोन वाजता चौकात चेंडू वर उडाला, आणि तो खाली यायच्या आत लेन क्रॅडॉकने गाडीवाल्या शेजाऱ्याचं नाक फोडलं.

“माफ कर हं, फ्रँक.”

“अरे, त्यात काय,” फ्रँक रक्त थुंकत म्हणाला आणि लेनच्या पोटात गुडघा घातला.

अर्ध्या तासात चौकात वाफेचा ढग आणि त्याखाली दोनशे माणसांचा गोळा एवढंच उरलं. आतून हाडांचे आवाज येत होते. कोणाचा खांदा निखळला, त्याला बाहेर ओढून भिंतीला टेकवलं, खांदा बसवला आणि परत आत ढकललं. बादलीवाल्याला मिस टिबेट यांनी कानाला चावून ओळख पटवून दिली आणि त्या कानाचा तुकडा रुमालात गुंडाळून त्याला परत केला, कारण त्या सभ्य होत्या. गोळा चौकातून गल्लीत, गल्लीतून नदीत गेला. फेब्रुवारीच्या पाण्यात माणसं एकमेकांची डोकी बुडवत होती आणि मोजून वर काढत होती. जिवे मारायचं नव्हतं ना.

ग्लेनिस तवा घेऊन आत शिरली.

काठावरचे लोक क्षणभर बघत राहिले. बायकांनी खेळायचं नाही असा नियम कुठेच नव्हता. मिस टिबेट तर खेळतच होत्या. पण मिस टिबेट यांना नवरा नव्हता. “अगं ग्लेनिस, पट्ट्या गुंडाळायच्यात की!” आयरीन मागून ओरडली. तेवढ्यात एक कोपर ग्लेनिसच्या नाकावर बसलं. डोळ्यांसमोर पांढरं झालं, तोंडात गरम, खारट काहीतरी आलं.

“अरेरे, सॉरी हं, मिसेस हॉपवुड!”

“हरकत नाही,” ती म्हणाली. सवयीनेच.

कीथपर्यंत पोचायला तिला दोन तास लागले. कोणी तिच्या पायावर उभं राहिलं, कोणी केस ओढले आणि माफी मागितली. नदीकाठी ती एकदा चिखलात पालथी पडली आणि तिच्या पाठीवरून निदान सात माणसं गेली. गिरणीच्या आवारात पोचली तेव्हा दिवस कलला होता. कीथ तिच्याकडे पाठ करून उभा होता. त्याने ऑडलीचा गळा काखेत धरला होता आणि दुसऱ्या हाताने तो सार्जंटचा चेहरा गिरणीच्या भिंतीवर घासत होता. त्याचं टक्कल घामाने चमकत होतं. एका हाताचं अंतर. ग्लेनिसने दोन्ही हातांनी तवा वर उचलला.

आणि तिच्या लक्षात आलं, की आत्ता मारलं तर ते मारणं धरलं जाणार नाही.

संध्याकाळी कीथ पबमध्ये टक्कल पुढे करून सगळ्यांना टेंगूळ दाखवेल. लोक तिची पाठ थोपटतील, बायकोने बरोबर गाठलं म्हणतील, हस्तांदोलन होईल. आणि दोघं घरी जातील. तिथे भिंत असेल, ड्रॉवर असेल, आयरीनचा टीव्ही असेल. वर्षभराचं उट्टं ज्या खेळात फिटतं, तो खेळ मुळात काहीच न घडल्याचा. ड्रॉवरसारखाच.

तिने तवा खाली घेतला.

कीथ वळला. तिला बघून त्याने ऑडलीला सोडलं, पायाशी पडलेला चेंडू काखेत घेतला आणि तो हसला. “लाडके, तू इथे?” लोक चेंडूकडे बघत होते, म्हणून त्याने तिला जवळ घेतल्यासारखं केलं, पट्टीतली करंगळी मुठीत पकडली आणि हळूहळू मागे वाकवायला लागला. “तवा घेऊन आलीस? माझ्यासाठी?” तो तिच्या कानात म्हणाला. “घरी चल. घरी आज तुला तोच तवा तापवून देतो.” जोडलेलं हाड पुन्हा कटकन वाजलं. ग्लेनिसने ओठ चावला. ती ठोक्यांची वाट बघत होती.

एक. गोळा सैल झाला. दोन. तीन. कोणीतरी कोणाच्या केसांतून बोटं सोडवली. चार. पाच.

मुठी खाली आल्या. टोप्या निघाल्या. रिवाजाप्रमाणे चेंडू ज्याच्या हातात असेल त्याने तो जमिनीवर ठेवायचा असतो. कीथने तिचं बोट सोडलं, वाकून चेंडू ठेवला आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे करत सरळ झाला.

तव्याचा आवाज घंटेपेक्षा स्पष्ट आला. पहिला जबड्यावर. कीथ गुडघ्यावर आला, तोंडातून दोन दात आणि एक अर्धवट ‘लाड’ बाहेर पडलं. दुसरा फटका त्याने वर केलेल्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा खाली, आणि तो हात नको तिथून वाकला. तिसरा परत जबड्यावर. मग ती थांबली, कारण जिवे मारायचं नव्हतं.

सगळं गाव उभं होतं. भिंतीला घासून सोललेला चेहरा सांभाळत ऑडली पुढे आला आणि त्याने आधी कीथकडे, मग चर्चच्या मनोऱ्याकडे बघितलं.

“घंटा झाली नव्हती ना अजून?” त्याने विचारलं. विचारलं कसलं, विनवलं.

“मी तर नाही ऐकली,” लेन क्रॅडॉक पटकन म्हणाला.

“मीही नाही,” मिस टिबेट म्हणाल्या. त्यांच्या हातात टोपी होती.

“चार झाले होते फार तर,” फ्रँक म्हणाला. “चारच. खेळातच बसतंय ते.”

घंटेची दोरी ओढणारा म्हातारा अ‍ॅम्ब्रोज धापा टाकत येऊन पोचला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. “दोरी मी ओढली बुवा,” तो म्हणाला, “पण वाजली का, ते मला तिथून कसं कळणार?”

“झालं तर मग!” ऑडलीचा सोललेला चेहरा उजळला. “मिसेस हॉपवुड, काही घडलेलं नाही. कीथला दवाखान्यात पोचवतो, दहा-बारा दिवसांत घरी येईल. हात मिळवा त्याच्याशी... म्हणजे डावा मिळवा.”

गाव आपल्याला वाचवायला निघालंय, हे ग्लेनिसला दिसत होतं. इतकी वर्षं ज्या कानांना तिचं ओरडणं ऐकू गेलं नाही, त्याच कानांनी.

“पाच वाजले होते,” ती म्हणाली.

“अहो, नीट आठवा—”

“मोजलेत मी. पाच पडेपर्यंत थांबले आणि मग मारलं. ही मारहाण आहे, सार्जंट. लिहा.”

“अहो, तुरुंगात जाल! आणि ती पाटी—”

“का मारलं तेही विचारा. मग सांगते. जानेवारीपासून सुरुवात करू, की लग्नापासून?”

ऑडली गर्दीकडे वळला. “कोणी ऐकली का घंटा? एकानेही?” त्याला ‘नाही’ हवं होतं, आणि शंभर तोंडं ते द्यायला तयार होती. तेवढ्यात चर्चच्या सभागृहाकडून आलेली आयरीन पेनफोल्ड, हातात न गुंडाळलेल्या पट्ट्यांचा ढीग घेऊन, पुढे सरकली. ती ग्लेनिसच्या सुजलेल्या करंगळीकडे बघत होती, आणि या वेळी मध्ये केक नव्हता.

“मी ऐकली,” ती म्हणाली. “पाचही.” मग तिने पट्ट्यांचा ढीग खाली ठेवला. “ड्रॉवरसुद्धा ऐकला. दोनदा. त्याआधीचंही सगळं. टीव्हीवर गोगलगायी नव्हत्या हो. टीव्हीवर काय होतं ते मला माहीतच नाही.”

कोणीतरी मागून “आयरीन!” म्हणून दटावलं. पण ऑडलीने खिसे चाचपायला सुरुवात केली होती. पेन्सिल नदीत गेली होती. मिस टिबेट यांनी, तोंड वाकडं करून, स्वतःची दिली.

एप्रिलात पाटी काढायला माणूस आला, तेव्हा साखळीची किल्ली सापडेना, म्हणून त्याने ती करवतीने कापली. पाटी नदीपलीकडच्या गावाला गेली, जिथे कोणी चेंडू खेळत नाही आणि सगळे दारं लावून बसतात. न्यायालयाने ग्लेनिसला दंड केला आणि कीथला मिल लेनच्या आसपास फिरकायला बंदी घातली. ड्रॉवरचं प्रकरण त्याच्यावर पुढे चाललं, आणि तो आपल्या बहिणीकडे, लांब, समुद्राकाठी राहायला गेला. तिथे तो शेजार-पहारा सुरू करायचं म्हणतोय, असं ऐकू आलं. आयरीनने तिथल्या पाद्र्याला पत्र टाकलं.

रॅगथॉर्प ग्लेनिसशी अत्यंत सभ्यपणे वागलं. मटण तोलताना लेन क्रॅडॉक हसत म्हणायचा, “पाटीचं काय, असू दे, असू दे.” फ्रँक तिच्यासाठी दार उघडून धरायचा. “काही हरकत नाही हं, मिसेस हॉपवुड,” मिस टिबेट पुस्तकावर शिक्का मारताना म्हणायच्या, जरा जोरातच.

या गावात जन्मलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ग्लेनिसने करंगळीचं प्लास्टर निघाल्यावर तवा घासून तेल लावून ठेवला. आणि भिंतीपलीकडून आयरीन, टीव्ही बंद करून, ओरडून विचारायची:

“दोघी एकदम शिरायचं ना गं, येत्या मंगळवारी?”

“हो,” ग्लेनिस आपल्या खुर्चीतून, आवाज न चढवता म्हणायची. आयरीनला ते नीट ऐकू जायचं.