पस्तीसची खूण

प्रभावती मगदूम यांच्या बसवलेल्या दाढेतला स्क्रू ढिला झाला, की त्यांचं घर लांब व्हायचं. पहिल्यांदा स्वयंपाकघर आणि पुढचा सोपा यांच्यामध्ये तीन फरश्या वाढल्या. दुसऱ्यांदा अकरा. तिसऱ्या खेपेला त्या सकाळचा चहा घेऊन निघाल्या, तर सोप्यात पेपर वाचत बसलेले त्यांचे यजमान, भूपाल, बोटाएवढे दिसत होते. पोचेपर्यंत चहावर साय आली. भूपाल काहीतरी म्हणाले. त्या निम्म्या वाटेवर परत आल्यानंतर ते शब्द मागून आले, पण तोवर ते विरून गेले होते.

प्रभावती घाबरल्या नाहीत. उद्यमनगरातल्या बोल्टच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं गेज लावून आटे तपासले होते. स्क्रू ढिला म्हणजे काहीतरी सरकणारच. घर सरकावं याचं मात्र त्यांना नवल वाटलं. त्यांनी टेप आणून मोजलं. एकोणचाळीस मीटर. मग जिभेनं दाढ जराशी हलवून पाहिली. एकोणचाळीस मीटर आणि एक वीत.

दातांच्या डॉक्टर रुचिता शेटे यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर आकडा लिहिला. घर लांबल्याची तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही या महिन्यातल्या दुसऱ्या, असं त्या म्हणाल्या. त्यांनी दाढेच्या कॅपवरचं पांढरं सिमेंट कोरलं, आतला स्क्रू सोडवला आणि प्रभावतींच्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या कणीएवढा होता. प्रभावतींनी तो उजेडात धरून निरखला.

"आटे तर शाबूत आहेत. मग ढिला कशानं होतोय?"

"आवळला की आटे एकमेकांत बसतात, आणि बसले की ताण थोडा उतरतो," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून दहा मिनिटं थांबून परत आवळायचा असतो. मागच्या दोन्ही वेळी तुम्ही थांबला नाहीत, काकू."

ते खरं होतं. दोन्ही वेळी भूपालच्या जेवणाची वेळ झाली होती.

डॉक्टरांनी नवा स्क्रू घातला आणि ताण मोजणारा छोटा पाना लावला. काटा पस्तीसच्या खुणेवर येताच भिंतीपलीकडे पेपराचं पान उलटल्याचा आवाज झाला. घर इथून चार गल्ल्या दूर होतं. प्रभावतींनी कान दिला.

"अहो, तुम्ही आलाय काय?"

"मी कुठं जातोय? हितंच बसलोय," भिंतीपलीकडून भूपाल म्हणाले.

आवाज स्वच्छ होता. एवढा स्वच्छ आवाज प्रभावतींनी निवृत्त झाल्यापासून ऐकला नव्हता. सकाळी तुम्ही काय म्हणाला होता, असं त्यांनी विचारलं. भूपाल म्हणाले, असं ओरडून सांगण्यासारखं नाही ते.

दहा मिनिटं झाली. डॉक्टरांनी पुन्हा पाना लावला. काटा खुणेवर आला, भिंत निघून गेली आणि भूपाल खुर्चीसकट हातभर अंतरावर आले. पेपर त्यांच्या तोंडासमोर तसाच होता.

प्रभावतींनी बोटानं खूण केली, अजून थोडा.

"पस्तीसच्या पुढं नको, काकू. आत तुटला तर तुकडा निघत नाही."

हे प्रभावतींना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं. जास्त आवळल्यानं तुटलेले बोल्ट त्यांनी टोपल्या भरभरून पाहिले होते. तरी त्यांनी बोट खाली घेतलं नाही.

डॉक्टरांनी पाना फिरवला. छत दिव्यापर्यंत उतरलं. डॉक्टरांची कोपरं दोन्हीकडच्या भिंतींना टेकली. भूपालचे गुडघे प्रभावतींच्या गुडघ्यांना लागले, आणि त्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या कानावर एक लांब पांढरा केस होता. तो कधी उगवला, हे प्रभावतींना आठवेना. दाढेत बारीक करकर झाली.

"सांगा आता," त्या उघड्या तोंडानंच कशाबशा म्हणाल्या.

भूपालनी सांगायला तोंड उघडलं. त्यांच्याही खालच्या एका दाढेच्या मधोमध एक गोल भोक होतं. त्यातून कणीएवढा स्क्रू डॉक्टरांच्या पान्याच्याच गतीनं, पण उलटा फिरत, वर येत होता.