गुणाजीची युक्रेनी

गुणाजीने खिडकीच्या कडीला बांधलेला लाल धागा सोडला आणि तिथे पांढरा बांधला.

"विक्नो," तो पुटपुटला. "मोये विक्नो."

मराठीतली खिडकी बाईमाणूस, पण युक्रेनीत ती नपुंसक. लाल धागा पुल्लिंगी, पिवळा स्त्रीलिंगी, पांढरा नपुंसकलिंगी, असं त्याने ठरवून टाकलं होतं. संपाला दोन वर्षं उलटली होती, गिरणी काही पुन्हा बोलवेल असं वाटत नव्हतं, आणि घरी पडून असलेल्या सुताचा असा उपयोग होत होता. भटवाडीतल्या त्या एका खोलीत डब्यांना, पिंपाला, पलंगाच्या पायाला, सगळीकडे धागे लोंबत होते.

"घराचो वड करून ठेवल्यात," जानकी म्हणाली. "आता माका फेरे मारूक सांगू नकात म्हणजे झाला."

त्यांचा एकुलता एक चंद्रप्रकाश शिकायला म्हणून कीव्हला गेला आणि लग्न करून तिथेच नोकरीला लागला. आता सात वर्षांनी तो बारा दिवसांसाठी येणार होता, बायको ल्यूबा आणि चार वर्षांच्या इराला घेऊन. इराला ना मराठी येत होती ना इंग्रजी. गुणाजीला नातीशी बोलायचं होतं. बारा दिवस पोरीच्या तोंडाकडे नुसतं बघत बसायचं ही कल्पनाच त्याला सोसवत नव्हती.

सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनातल्या माणसाने आधी रशियनचंच पुस्तक पुढे केलं होतं. गुणाजीने खिशातून मुलाचं पत्र काढून पत्त्यातल्या 'युक्रेन'वर बोट ठेवलं. मालवणात घर करणाऱ्याने मालवणीच बोलायला हवी, यात विचारण्यासारखं काय होतं? माणूस हसला आणि गठ्ठ्याच्या तळाचं एक जाड पुस्तक त्याने काढून दिलं. ते इंग्रजीतून होतं. शेजारच्या रत्नप्रभाबाई शाळेतून रिटायर झालेल्या, त्या रोज दुपारी तासभर वाचून समजावून सांगत.

लिंगांची गुणाजीला धास्ती नव्हती. तीन तर आपल्याकडेही आहेत. पण एका ठिकाणी त्याची गाडी हटकून अडायची.

"गुणाजी, शेवटी ओ आला की नपुंसकलिंग. किती वेळा सांगू?"

"बाई, आमच्याकडे ओ इलो म्हणजे बापयमाणूस. घोडो, रेडो, झगो. पन्नास वर्षांची जीभ ती, कशी वळतली?"

मंडळी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी इरा पाटावर बसली तेव्हा गुणाजीने तिच्यापुढे दुधाचा पेला ठेवला आणि घसा साफ केला.

"त्वीय मोलोको."

तुझा दूध. इरा खुदकन हसली. चंद्रप्रकाशचा चमचा हवेतच राहिला. समोर ल्यूबाचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात विणकर एकमेकांशी ओठांनीच बोलतात, आणि गुणाजी पस्तीस वर्षं तसाच बोलला होता. त्याने स्पष्ट वाचलं. त्वोये.

"त्वोये मोलोको," त्याने लगेच सुधारलं. त्याला असा आनंद झाला की डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं.

"बाबा, हे कुठून शिकलात?" चंद्रप्रकाश म्हणाला. "ही भाषा तिथे खेड्यातली लोकं बोलतात. ल्यूबाला ऑफिसात हसायचे यावरून. मी किती मुश्किलीने सोडवलीय तिची सवय, माहितीये? आम्ही घरी रशियनच बोलतो. इराच्या कानावर हे नको."

"अरे, पण तिच्या आवशीची भास ना ती?"

"आणि प्लीज, मालवणीपण नको. संध्याकाळी माझे मित्र येतायत."

"मगे बोलू खंयच्यात?"

चंद्रप्रकाश टॉवेल घेऊन मोरीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

आत पाणी पडायला लागलं तशी ल्यूबा उठली. एकेका धाग्याला हात लावत ती हळू आवाजात नावं घेऊ लागली. काही धागे चुकीचे होते, ते तिने बदलले. पलंगावर इरासाठी मुद्दाम शिवलेली चादर घडी करून ठेवली होती. गुणाजीच्या साच्यावर संपाआधी निघालेल्या शेवटच्या कापडाची, जानकीने काठाला टाके घातलेली. चादरीचा शब्द गुणाजीच्या पुस्तकात नव्हता. ल्यूबाने चादर गालाला लावली.

"कोव्द्रा," ती म्हणाली, आणि पिवळा धागा शोधून तिनेच बांधला. मग ती रडली. मोरीतलं पाणी थांबेपर्यंत तिने डोळे पुसलेले होते.

गुणाजी सकाळभर तो शब्द घोकत राहिला. दुपारी जेवणं झाली, इरा पलंगावर आडवी झाली. चंद्रप्रकाश खुर्चीत पेपर वाचत होता. मुलगा काही म्हणो, एकदा तरी चुकीशिवाय बोलायचंच असं ठरवून गुणाजीने चादर उलगडली आणि नातीच्या अंगावर घातली.

"त्वोया कोव्द्रा."

एकही चूक नव्हती. इराने कपाळाला आठ्या घातल्या. तिने कधीच न ऐकलेला शब्द होता तो. आईकडे वळून तिने रशियनमध्ये काहीतरी विचारलं, त्यात गुणाजीला फक्त 'कोव्द्रा' ओळखू आलं.

पेपर किंचित खाली आला. ल्यूबाने नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. गुणाजीकडे मात्र पाहिलं नाही.

"न्ये ज्नायू," तीही रशियनमध्येच म्हणाली.

माहीत नाही. एवढं गुणाजीला नीट कळलं. इराने पायांनी चादर बाजूला सारली आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

"काय म्हणता ती?" जानकीने भांडी घासता घासता हौसेने विचारलं. "आवडली मां चादर?"

"उकडता म्हणता," गुणाजी म्हणाला, आणि घडी घालू लागला.