पाकोळ्या चाळीस

आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस वर्षं घरात एक वही आहे. वहीच्या जागी सवत असती तर एव्हाना आम्हा दोघींचं जमलं तरी असतं.

वही आमच्या ह्यांची, म्हणजे राजकुमारांची. पाटबंधारे खात्यात ते कारकून होते. कुठल्या धरणावर किती मिलिमीटर पाऊस पडला याचे आकडे रोज त्यांच्या टेबलावरून जायचे. दुसऱ्यांचा पाऊस लिहून लिहून कंटाळले असावेत. पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यापासून जरा आत, आम्ही हे दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघराला दार बसायच्या आधी अंगणात पर्जन्यमापक आलं. मग सावलीत टांगायला थर्मामीटर आलं. मग पक्षी लिहायला लागले, आणि शेवटी पतंग. घरापुढच्या ओट्याच्या उजव्या अंगाला जी भिंत आहे तिच्यावर संध्याकाळी पांढरी चादर लावायची, वर दिवा ठेवायचा, आणि उजाडताना चादरीवर किती पतंग बसलेत ते मोजायचे. पाऊस, तापमान, पक्षी, पतंग असे चार रकाने. एकोणीस वर्षांत एकही पान रिकामं नाही.

मी त्यात कधी लक्ष घातलं नाही. अंगणवाडीत तीस वर्षं लेकरांची वजनं लिहिली होती. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं, आता पेन धरायचं ते फक्त सही करायला. पण गेल्या दिवाळीत ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात. तोंडातून एका वेळी एक-दोन शब्द निघतात. अक्षरं तर जागेवर थांबतच नाहीत म्हणाले. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिला शब्द काढला तो "वही". माझं नाव नाही, मुलाचं नाही. वही.

तेव्हापासून पेन माझ्या हातात आहे.

सकाळी सहाला उठवायचं, तोंड धुवायचं, हातापायाला तेल लावून व्यायाम घ्यायचा, ओट्यावर खुर्चीत बसवायचं. मग चहा, मग गोळ्या. या सगळ्याच्या मधे अंगणात जाऊन त्या कोरड्या पर्जन्यमापकात डोकवायचं, जणू रात्रीतून माझ्या नकळत पाऊस पडून गेला असावा. थर्मामीटर बघायचं. चादर काढायची. ती मी काढायचे कशी, तर दोन टोकं धरून एक झटका द्यायचे, आणि बगलेत मारून आत न्यायचे. चादरीवर काय आहे ते बघायला माझ्यात जीवच नसायचा. शिवाय बघायची गरज काय? हे तिथंच खुर्चीत बसलेले असायचेच. मोजत असतील, दुसरं काम काय त्यांना, असं मी धरून चालले होते.

मग मी वही घेऊन बसायचे आणि ते सांगायचे.

"बुलबुल... दोन."

"लिहिलं."

"वेडा राघू... पाच."

"बरं."

"पाकोळ्या... चाळीस."

पाकोळ्या मी पतंगांच्या रकान्यात लिहायचे. माझं माहेर सिल्लोडकडचं. आमच्याकडं दिव्यावर येऊन फडफडते ती पाकोळी. लहानपणी भाकरीच्या पिठात पाकोळी पडली म्हणून आईची बोलणी खाल्लीत. हे नेहमी पतंग म्हणायचे, पण झटक्यानंतर त्यांना तो शब्द उच्चारायला जड जात असेल, असं मला वाटलं. इतक्या वर्षांनी ह्यांच्या तोंडी माझ्या माहेरचा शब्द आला, म्हणून खरं सांगते, मला बरंही वाटलं होतं. त्या दिवसांत बरं वाटण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी मी सगळं वाचून दाखवायचे. "पाकोळ्या चाळीस" म्हटलं की ते मान डोलवायचे. असे पाच महिने गेले.

मार्च संपताना एका रविवारी तनुजा आली. ह्यांच्या खात्यातल्या एका सोबत्याची ही मुलगी, शहरात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. उस्मानपुऱ्याहून स्कूटीवर आली, तोंडाला स्कार्फ, पाठीला लॅपटॉप. आल्या आल्या ह्यांना "जयभीम काका" म्हणाली आणि चपला काढायच्या आधी वह्या कुठं आहेत ते विचारलं. सगळ्या वह्या ती कॉम्प्युटरवर चढवणार होती. एका घराभोवतालची, एका माणसानं एकोणीस वर्षं ठेवलेली अशी नोंद तिनं आपल्या भागात कुठं बघितली नव्हती म्हणे. त्यावर एक पेपर लिहायचा, ह्यांचं नाव घालायचं, असं तिचं चाललं होतं. हे ऐकून ह्यांचा चेहरा असा उजळला की मी स्वयंपाकघरात निघून गेले. झटक्यानंतर तो चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. माणसाचं सगळं गेलं होतं, ही वही तेवढी उरली होती, हे मला तेव्हा नीट कळलं.

दुपारी ह्यांचा डोळा लागला आणि तनुजा वही घेऊन माझ्याकडं आत आली.

"काकू, हे बघा ना. डिसेंबरात पतंग चाळीस, साठ, ऐंशी. काकांच्या जुन्या वह्यांमधी थंडीचे दोन, तीन, शून्य असे आकडे आहेत. एवढे पतंग थंडीत आले कुठून?"

"मला काय ठाऊक बाई? ह्यांनी सांगितलं ते लिहिलं. पाकोळ्या चाळीस म्हणाले."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हसली, आणि लगेच हसू आवरलं.

"काकू, काका पाकोळी कशाला म्हणतात?"

तिनं दहा वर्षांपूर्वीची वही काढली. ह्यांच्या सुबक अक्षरात, पक्ष्यांच्या रकान्यात: पाकोळ्या, सदतीस, टाकीभोवती. शेजारच्या प्लॉटिंगमध्ये पाण्याची उंच टाकी आहे, तिच्याखाली त्या काळ्या चिमुकल्या पाखरांची घरटी आहेत. सकाळी थवाच्या थवा चिरचिरत फिरतो. मी त्यांना भिंगऱ्या म्हणते. हे जन्मभर त्यांना पाकोळ्या म्हणत आले होते, आणि मला पत्ता नव्हता. छत्तीस वर्षं एका ताटात जेवलो, पण डोक्यावरून उडणाऱ्या पाखराचं नाव एकमेकांना विचारलं नाही.

"मग पतंग?" तनुजानं विचारलं. "पतंग कोणी मोजले?"

कोणीच मोजले नव्हते. मी एक दिवस, एकच दिवस त्या चादरीकडं नीट बघितलं असतं, तर तिथं चाळीस काय, चारही नाहीत हे आंधळ्यालाही दिसलं असतं. शब्दाची चूक कोणाचीही होते. न बघितलेलं लिहिलं ही चूक माझी होती.

तनुजा भली पोरगी. म्हणाली, "टेन्शन नका घेऊ काकू. हे आकडे मी पक्ष्यांत टाकते. पतंगांचा रकाना या पाच महिन्यांचा गाळून टाकू. काकांना सांगायचीच गरज नाय."

"रकाना कोरा राहील?"

"व्हय."

मी तिला दुसरी एक जुनी वही दाखवली. तीनच दिवस होते, पण मला ते पान माहीत होतं, कारण सासूबाई गेल्या ते दिवस होते. चारही रकान्यांत ह्यांनी लिहिलं होतं: पाहिलं नाही. काही आलं नाही तर ते शून्य लिहायचे, आणि स्वतः बघितलं नसेल तर पाहिलं नाही. आई चितेवर होती त्या दिवशीसुद्धा माणसानं एवढा फरक ठेवला. अशा माणसाच्या वहीत मी पाच महिने खोटं भरलं होतं, आणि आता ते गुपचूप पुसायचंही होतं.

तनुजाला म्हटलं, तू जा, पुढच्या रविवारी ये. ती गेली. मी चहा केला, एक कप त्यांच्या डाव्या हातात दिला आणि रोजच्यासारखी शेजारी बसले. नवऱ्याला मी आयुष्यात भ्याले नाही, पण त्या दिवशी भ्याले. सांगितलं तर हे खचतील, पुन्हा वही मागणार नाहीत, आणि मग उठून बसणार तरी कशासाठी?

"अहो," मी म्हटलं, "तुमची वही मी नासवली."

सगळं सांगितलं. पाकोळीचं सांगितलं, चादरीचं सांगितलं. झटकायचे, बघायचे नाही, तेही सांगितलं. "लई दमले होते हो," म्हटलं, आणि ते म्हणताना माझाच मला राग आला, कारण अंगणवाडीत एखादी मदतनीस असं म्हणाली असती तर मी तिला दारात उभं केलं नसतं.

त्यांनी कप खाली ठेवला. टाकीकडं मान वळवली. मला वाटलं, झालं, आता हे बोलायचे नाहीत.

"मी... पण," ते म्हणाले.

"तुम्ही पण काय?"

"अर्ध्या. मोजतो... अर्ध्या. दुप्पट... सांगतो."

मला कळेना. मग त्यांनी डावा हात उचलून नाकासमोर धरला आणि हळूहळू उजवीकडं नेला. नाकाच्या जरा पुढं गेल्यावर थांबवला. "इथून... नाय. काहीच... नाय."

उजवीकडचं त्यांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांनी नाही. थवा निम्मा दिसायचा, म्हणून वीस मोजून चाळीस सांगायचे. म्हणून तर चाळीस, साठ, ऐंशी. एकोणचाळीस कधी नाहीच. आणि उजव्या भिंतीवरची चादर तर त्यांना दिसणारच नव्हती. पतंग मीच मोजते आणि वाचताना सोडून देते, असं ते धरून चालले होते.

"डॉक्टरला सांगितलं?"

मान हलवली. नाही.

"मला तरी सांगायचं! लपवायचं कशाला? एवढी मोठी गोष्ट, आणि पाच महिने?" माझा आवाज इतका चढला की टाकीखालची पाखरं उडाली असतील. त्यांच्यावर ओरडायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, तरी मी ओरडले.

शब्द शोधायला त्यांना वेळ लागतो, तेवढा लागला.

"तुला... आणखी एक काम."

माझा राग तिथंच बसला. त्यांनी माझ्या मांडीवरच्या वहीवर बोट ठेवलं. म्हणाले, लिही. मी पेन उघडलं. पाच महिन्यांचे पतंग मी एकेका दिवसावर रेघ मारून, पाहिलं नाही, पाहिलं नाही, असं लिहीत गेले. पाकोळ्यांपुढं त्यांनी "अर्ध्या" लिहायला लावलं. हात दुखून आला. शेवटी त्या दिवसाच्या पानावर आलो.

"माझं लिही," ते म्हणाले. "उजवीकडचं... दिसत नाय."

"दिवाळीपासून," मी लिहीत म्हटलं.

"दिवाळी नाय. पंचवीस... ऑक्टोबर. सकाळी. पंखा... अर्धा."

दवाखान्यातल्या छताचा पंखा त्यांना अर्धा दिसला ती तारीख त्यांनी पाच महिने तोंडपाठ ठेवली होती. मी लिहिली.

"आता... तुझं."

"माझं काय?"

"दमली," ते म्हणाले. "तारीख?"

मी आठवायला लागले. दवाखान्यातून आलो तेव्हा? नाही, त्याच्या आधीच. मुलगा पुण्याला गेला तेव्हा? अंगणवाडीत असताना? सासूबाई अंथरुणावर होत्या तेव्हा? मागं मागं जात राहिले, पण धड एक दिवस हाताला लागेना.

"ठाऊक नाय," मी म्हटलं.

त्यांनी वहीकडं मान केली. "मग... आजची टाक."