शिक्क्याची कड

सकाळचे ऊन आधी खिडकीच्या गजांवर थबकले. मग परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे दबकत आत उतरले, ऐरणीच्या कडेला टेकले, भिंगाच्या काचेत क्षणभर घोटाळले आणि फळीवर सांडलेल्या पोलादाच्या किसावरून सरकताना तो राखाडी चुरा चांदीचा करून गेले. शेवटी ते नव्या शिक्क्यापाशी आले आणि तिथेच रेंगाळले. उन्हालाही दादाचेच काम आवडावे, याचे धाकट्याला वाईट वाटले.

देश स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष होत आले होते. नव्या सरकारला स्वतःचा शिक्का हवा होता : मधोमध झाड, भोवती गोल कड. दोघा भावांनी आपापला नमुना कोरून दिला. वडील हेच दोघांचे गुरू. त्यांची हयात परक्या राज्यकर्त्यांचे शिक्के कोरण्यात गेली होती. सचिवांनी दादाचा नमुना निवडला. दादाला गोड बोलता येते, आपल्याला येत नाही, अशी धाकट्याने मनाची समजूत घातली होती आणि त्या समजुतीच्या आधारावर तो दिवस ढकलत होता.

त्याने लाख वितळवली, तिच्यावर शिक्का दाबला आणि ठसा भिंगाखाली धरला. त्याच्या काळजात आनंदाची एक कळ उठली. झाडाभोवती पिळाचा दोर होता, दर तिसऱ्या पेडाला एक मणी. हीच कड जुन्या सरकारच्या शिक्क्यावर मुकुटाभोवती होती! दादाने मुकुट काढून झाड लावले होते, बाकी सारे जसेच्या तसे. सचिवांच्या कानावर एक शब्द घातला, की शिक्का माघारी येणार होता.

"एवढं काय बघताय भावोजी? डोळे चिकटतील लाखेला!" वहिनीने चहाचा कप फळीवर ठेवला.

"दादाचं कौतुक करतोय."

"अगंबाई! आज सूर्य कुठे उगवलाय ते बघायला हवं."

दादा डोके पुसत आला. "तूच नेऊन दे रे साहेबांकडे. मला तिथे गेलं की तोंडातून शब्द फुटत नाही. आणि तुझा सदरा तरी धड आहे."

धाकट्याने शिक्का रुमालात गुंडाळला. त्या विश्वासाचे ओझे पोलादापेक्षा जड होते. तरीही तो निघाला.

सचिवांच्या खोलीत जुनी तसबीर काढलेल्या जागी भिंतीचा चौकोन अजून उजळ होता. खुर्च्या त्याच होत्या, शिपायाचा कोटही तोच. फक्त गुंड्या नव्या.

"साहेब, एक सांगायचं होतं." "ही कड जुन्या सरकारची आहे. दादाने उचललीय."

सचिवांनी खण उघडून पोलादाचा दुसरा तुकडा काढला, मेणबत्तीवर लाख धरली आणि दोन्ही ठसे शेजारी शेजारी उमटवले.

"आणि ही कुणाची?"

दुसरा नमुना त्याचा स्वतःचा होता. पिळाचा दोर, दर तिसऱ्या पेडाला एक मणी. कोरताना हात आपोआप वडिलांच्या वळणाने गेला होता, आणि त्याला पत्ताही लागला नव्हता.

"आम्हाला वाटलं, तुमच्या घराण्याची खूण असेल." सचिव हसले. "अहो, कडेचं काय घेऊन बसलात? कायदेही जुनेच चालवतोय आम्ही. दुसरी रीत शिकवली कुणी? सावकाश बदलू. तूर्त लोकांना मुकुटाच्या जागी झाड दिसू दे."

"मग माझा नमुना का नाही घेतला?" प्रश्न जिभेवरून निसटलाच.

सचिवांनी दोन्ही ठसे हलकेच खिडकीकडे सरकवले. "तुम्हीच बघा ना."

इथेही ऊन होते. त्याच्या ठशातली पाने आवळलेल्या मुठीसारखी एकमेकांना चिकटली होती. दादाच्या पानापानांत मोकळी जागा होती आणि ऊन तिच्यात जाऊन बसले होते. साहेबांसमोर दादाच्या तोंडून शब्द फुटत नाही, हेही त्याला आता आठवले.

कड दोघांचीही जुनीच होती. दादाचे झाड चांगले होते.